बोलावलं की बसतात

आमच्या घरी जेवताना पुढचं दार सताड उघडं असतं. लातुरात ही रीत अजून बऱ्याच घरांत आहे, पण आमच्या ह्यांच्याइतकी नेटानं पाळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ताट पुढ्यात आलं, घास हातात घेतला आणि दारावरून कुणी गेलं, की हे ओरडणार, "या जेवायला!" मग जाणारा शेजारी असो, कुरियरवाला असो, नाहीतर पत्ता चुकलेला कुणी परका असो. तोही चालता चालता हात वर करून म्हणतो, "होऊ द्या, होऊ द्या." झालं. दोन्हीकडचा मान राहिला, आता घास तोंडात घालायला हरकत नाही.

हे कोचिंग क्लासला बायॉलॉजी शिकवायचे. माईक बंद पडला तरी शेवटच्या बाकावरच्या पोराला पेशीचे भाग ऐकू जावेत असा आवाज. त्यामुळे आमच्या घरचं बोलावणं आमच्याच गल्लीत थांबत नाही, मागच्या गल्लीतली माणसंही भिंतीआडून "होऊ द्या" म्हणतात.

सासरे उदगीरचे. त्यांची शिकवण अशी, की बोलावणं मनापासून पाहिजे आणि नकार ताबडतोब पाहिजे. बोलावलं नाही तर माणूस चिकट ठरतो, आणि बोलावल्यावर नकार द्यायला कुणी क्षणभर उशीर केला, तर तो हावरट ठरतो. मी नांदेडहून लग्न होऊन आले त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत, बोलावल्यावर खरंच चप्पल काढून आत आलेला आणि पाटावर बसलेला माणूस मी एकही पाहिला नव्हता.

या सगळ्यात मी कुठं, तर आत, गॅसपाशी. गरम पोळी ताटात पडली पाहिजे म्हणजे कुणीतरी ती लाटली पाहिजे, आणि लाटणारी मागून जेवते. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, घरी येऊन पोळ्या लाटल्या, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं पुढ्यात घेऊन बसले. जुलूम कुणी केला नाही, सवय पडली. मुलं परगावी गेली, घरात दोघंच राहिलो, तरी सवय काही गेली नाही. लग्नानंतर फिरायला म्हणून उदगीरचा किल्ला बघायला गेलो होतो, तेव्हा सासूबाईंनी सोबत नणंद दिली, आणि नणंदेनं तिच्या दोन मैत्रिणी घेतल्या. किल्ल्यात डबा उघडला, तेव्हा हे बुरुजावर उभ्या असलेल्या लोकांनाही बोलावत होते.

सांगायचं एवढंच, की मला एकदा, फक्त एकदा, यांच्या समोर बसून गरम जेवायचं होतं. दोघांनीच. माझं मागणं काही फार मोठं नव्हतं.

मुलांनी दोघांच्या नावानं युरोपची कोच टूर काढून दिली, तेव्हा मला वाटलं, आता जमेल. बसमध्ये चढले आणि आशा सोडली. अख्खी बस लातूर-नांदेडची. पहिल्या सीटवर कुणी चिवड्याचा डबा उघडला, की तो शेवटच्या सीटपर्यंत जाऊन रिकामा होऊन परत यायचा. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून एखाद्या इंडियन रेस्टॉरंटमध्ये जायचं, लांबलचक टेबलाशी बसायचं, आणि तेच पनीर, तीच डाळ, तोच गुलाबजाम. समोर हे नसायचेच. समोर कुणाचेतरी साडू असायचे आणि ते साखरेच्या गोळ्यांबद्दल बोलायचे.

मग ऑस्ट्रियातल्या त्या गावात नशीब उघडलं. वाटेत घाटात वाहतूक अडली, बसला उशीर झाला, आणि ड्रायव्हरनं नियमावर बोट ठेवलं. आजचे गाडी चालवायचे तास संपले, आता गाडी हलणार नाही. इंडियन रेस्टॉरंट मोठ्या शहरात, आम्ही डोंगराखालच्या या लहानशा गावातल्या हॉटेलात. आमची टूर मॅनेजर पुण्याची, एरवी लष्करी शिस्तीची बाई, पण तिचाही चेहरा पडला. "आज जेवण ज्याचं त्यानं बघायचं," ती म्हणाली. बसमध्ये सुतकी शांतता पसरली. पण घटकाभरानं हॉटेलच्या जिन्यात फोडणीचा वास यायला लागला. प्रत्येकानं घरून काही ना काही आणलेलंच होतं, आणि चहाच्या किटलीत काय काय शिजू शकतं हे त्या हॉटेलवाल्यांना त्या दिवशी कळलं असणार.

मी नारायणपेठी नेसले. वर स्वेटर, खाली बूट. पर्समध्ये दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा टाकला, कारण तिकडच्या जेवणाचा भरवसा नव्हता. यांना म्हटलं, "आज आपण दोघंच बाहेर जेवायचं. समोरासमोर बसून. आणि कुणालाही बोलवायचं नाही."

"हाव," हे म्हणाले.

"शपथ?"

"अगं, हाव म्हणलं की. इथं कोण हाय आपल्या ओळखीचं?"

जिन्यातच देगलूरचे वकीलसाहेब भेटले. हातात किटली, किटलीत उपमा. यांचं तोंड उघडलंच. "चला की, साहेब, बाहेर जेवायला!" मी यांना चिमटा काढेपर्यंत वकीलसाहेब म्हणालेही, "न्हाई न्हाई, तुम्ही जावा, होऊ द्या." त्यांच्या बायकोनं खोलीतून तेलुगूत काहीतरी विचारलं, त्यांनी तेलुगूत उत्तर दिलं, आणि दार लागलं. आपली माणसं किती चांगली असतात, हे मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं.

चौकात, नदीच्या कडेला एक हॉटेल होतं. बाहेर फरसबंदीवर टेबलं मांडलेली. उन्हाळ्याचे दिवस, संध्याकाळ उलटून गेली तरी उजेड तसाच, जणू दिवसानंच आमच्यासाठी मुक्काम वाढवला होता. आम्हाला दोघांपुरतं टेबल मिळालं. दोन खुर्च्या, समोरासमोर. मधे छोट्या काचेत मेणबत्ती. मटण नको, मासे नको, हे वेटर बाईला समजावता समजावता फोनमधलं भाषांतराचं यंत्रही थकलं. शेवटी तिनं दोन मोठ्या बशांत एकच पदार्थ आणला. जाड शेवयांसारखं काहीतरी, वितळलेल्या चीजमध्ये घोळलेलं, वर तळलेला कांदा. वाफा निघत होत्या.

मी समोर बघितलं. हे खरंच समोर बसले होते. कानटोपी काढून ठेवली होती, केस विंचरले होते. मला एवढा आनंद झाला की उगीचच रुमालानं चमचे पुसत बसले.

यांनी काट्यावर शेवया गुंडाळल्या, तोंडापर्यंत नेल्या, आणि तेवढ्यात टेबलाशेजारून एक म्हातारा गेला. हिरवी टोपी, हातात बारक्या कुत्र्याची साखळी. म्हातारा काही बोलला नाही, आमच्याकडं बघितलंही नाही. पण जेवताना शेजारून माणूस चाललेला, आणि तीस-चाळीस वर्षांची सवय. यांचा काटा खाली आला आणि तो दोनशे पोरांच्या वर्गाला पुरणारा आवाज चौकभर घुमला. "कम, कम! ईट! या जेवायला!"

म्हातारा थांबला. घड्याळ बघितलं. कुत्र्याकडं बघितलं. मग टोपी काढली, शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढली, आणि बसला.

मी तीस वर्षांत पहिल्यांदाच असं काही बघत होते. हेही.

"अगं, हा बसला की!" हे माझ्याकडं वाकून म्हणाले. चेहरा पांढराफटक.

"बोलावलंत म्हणून बसला."

"पण मी नुसतं बोलावलं होतं!"

"मग सांगा त्याला तसं."

कसं सांगणार? वेटर बाईनं तिसरी बशी आणून ठेवलीही होती. म्हाताऱ्यानं यांच्या बशीतल्या निम्म्या शेवया व्यवस्थित आपल्या बशीत काढून घेतल्या, चांगल्या इंग्रजीत आभार मानले, आणि खायला लागला. कुत्रा माझ्या निऱ्यांवर बसला. पाहुणा एकदा बसला म्हटल्यावर आमच्या ह्यांच्यातला यजमान जागा झाला. "अजून घ्या की," "लाजू नका," "एवढंच?" सगळं सुरू. म्हातारा लाजतच नव्हता.

मी खालमानेनं एक घास घेतला आणि म्हटलं, "आता वर बघायचं नाही. कुणी गेलं तर जाऊ द्यायचं."

"न्हाई बघत," हे म्हणाले, आणि खरंच बशीत डोळे घालून बसले. पण सायकलवरून एक नवरा-बायको आले आणि म्हाताऱ्याला रस्ता विचारायला नेमके आमच्या टेबलाला खेटून थांबले. डोक्याला हेल्मेट, घामाघूम. आता सांगा, माणूस ताटापाशी उभा, आपण खातोय, आणि बोलवायचं नाही? सासरे स्वर्गातून खाली आले असते. यांनी माझ्याकडं गयावया करून बघितलं, मी डोळे वटारले, आणि हे हळू, अगदी कुजबुजल्यासारखं म्हणाले, "कम. ईट." यांची कुजबुज नदीपलीकडं ऐकू जाते. दोघांनी सायकली भिंतीला लावल्या. भूक लागली होती, असं ते म्हणालेसुद्धा.

टेबलाला टेबल जोडलं गेलं. शेवया संपल्या, नव्या मागवल्या, बटाटे मागवले. मी कधी उठले ते मलाच कळलं नाही. समोर माणसं जेवायला बसली आणि बशा रिकाम्या दिसल्या, की माझे पाय आपोआप उभे राहतात. पर्समधल्या दशम्या काढल्या, चटणीचा डबा काढला, आणि ऑस्ट्रियातल्या त्या चौकात मी डाव्या हातानं पदर सावरत पंगतीला वाढायला लागले. वेटर बाई एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं.

आणि मग बँड आला. गावातल्या वाजंत्र्यांची कसलीतरी तालीम सुटली होती. सात माणसं, गुडघ्यापर्यंतच्या चामडी चड्ड्या, टोपीत पिसं, खांद्यावर पितळी वाद्यं. म्हातारा त्यांच्या ओळखीचा निघाला. ते टेबलाभोवती उभे राहून त्याच्याशी बोलायला लागले, आणि बोलताना सगळ्यांची नजर बटाट्यांवर.

"नका," मी म्हटलं. "अहो, तुम्हाला माझी शपथ."

"अगं, ताटाकडं बघायलेत ती माणसं," हे रडकुंडीला येऊन म्हणाले. "आपल्या पोटात दुखंल." आणि बोलावलं.

सातही बसले.

"वरातच आली गं," हे म्हणाले, आणि खरं सांगते, तेव्हा यांचा आवाज घाबरलेला नव्हता. खुलले होते. लातुरात सगळा जन्म बोलावण्यात गेला होता, आणि आज पहिल्यांदा माणसं येत होती.

सगळ्यात जाडजूड वाजवणाऱ्यानं चटणी भाजीसारखी चमच्यानं खाल्ली. तो टोमॅटोसारखा लाल झाला, उठला, चौकातल्या कारंज्यापाशी जाऊन तोंड धुऊन आला, आणि बशी परत पुढं केली. मी वाढली. रागात माझ्याही हातून थोडी चटणी जास्तच पडली असेल.

तेवढ्यात वकीलसाहेब आणि त्यांची बायको शतपावली करत चौकात आले. यांनी हात हलवला. "साहेब! या जेवायला!" वकीलसाहेबांनी ती चामडी चड्ड्यांची पंगत बघितली, मला हातात डबा घेऊन उभी बघितली, पण रीत सोडली नाही. "होऊ द्या, होऊ द्या," म्हणाले आणि निघून गेले.

म्हाताऱ्यानं विचारलं, "ते का गेले? त्यांना भूक नाही?"

"असं असतं आमच्याकडं," हे म्हणाले. "आम्ही या म्हणायचं, त्यांनी नाही म्हणायचं."

"नेहमी?"

"नेहमी."

म्हाताऱ्यानं काटा खाली ठेवला. बराच विचार केला. मग सावकाश म्हणाला, "म्हणजे मला बोलावलंत, तेव्हा मी येऊ नये अशी तुमची इच्छा होती?"

माझ्या जन्मात मी यांना एवढं ओशाळलेलं पाहिलं नाही. "नो, नो!" हे दोन्ही हातांनी कान धरून उभे राहिले. "मनापासून बोलावलं! आम्ही मनापासूनच बोलावतो! ते मनापासून नाही म्हणतात!"

म्हाताऱ्यानं हे सगळं त्यांच्या भाषेत पंगतीला समजावलं. गंभीर चर्चा झाली. सायकलवाल्या बाईनं मान हलवली, तिला ते पटलेलं दिसलं. चटणीवाल्या जाड्यानं काहीतरी शंका काढली. शेवटी त्यांनी यांच्याकडून "होऊ द्या" शिकून घेतलं, आणि खेळ सुरू झाला. जाड्या यांना बटाटा दाखवून म्हणायचा, "कम, ईट!" हे म्हणायचे, "होऊ द्या!" की सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या. मग चौकातून जाणाऱ्या प्रत्येकाला सगळी पंगत ओरडून बोलवायला लागली. त्या गावातली शांत, शहाणी माणसं थबकून आपल्याच शेजाऱ्यांकडं बघत होती. दोघांनी वाद्यं उचलली आणि वाजवायलाही सुरुवात केली.

मला आता भूक लागली होती. मी वळले आणि बघितलं, तर माझ्या खुर्चीवर बँडमधला सगळ्यात मोठा पितळी भोंगा बसवून ठेवला होता. ऐटीत, तोंड वर करून. माझी बशी त्याच्यासमोर होती आणि ती रिकामी होती. भोंग्याच्या समोरच्या खुर्चीत हे बसून हसत होते.

मी पर्स उचलली आणि नदीकडं चालायला लागले. कुणाच्या लक्षात आलं नाही. पुलाजवळ एक बाक होता, तिथं बसले आणि रडले. वेडेपणा होता, मान्य आहे. एवढं सुंदर गाव, एवढी चांगली माणसं, आणि मी नारायणपेठी नेसून भुकेली रडतेय. पण मला राग आला होता, आणि रागापेक्षा वाईट वाटलं होतं. इथं येऊनही मी वाढतच राहिले होते.

बऱ्याच वेळानं वाजंत्री थांबली. हे धापा टाकत आले, कानटोपी हातात.

"अगं, इथं काय करायलीस? मी सगळीकडं बघायलोय."

"काही नाही."

"सगळ्यांनी आपापले पैसे दिले गं. पाहुण्यांनी! मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं." मग यांनी माझ्या चेहऱ्याकडं बघितलं. "तू जेवलीस का?"

"मी? माझ्या खुर्चीत भोंगा जेवला!"

हे बाकाच्या कडेला टेकले. मग म्हणाले, "मीबी न्हाई जेवलो."

"तुम्ही तर बसला होतात पंगतीला."

"मी आग्रह करायलो होतो ना. पहिला घास उचलला आणि ते म्हातारं आलं. तेव्हापासून तोंडात काही न्हाई."

यांच्या मिशीकडं बघितलं. चीजचा डागही नव्हता. मला हसू यायला लागलं आणि ते मी दाबलं, कारण राग अजून संपवायचा नव्हता.

हे चौकातल्या हॉटेलकडं पळत गेले आणि तसेच परत आले. चूल बंद झाली होती. वेटर बाईनं दोन कागदी रुमाल दिले होते. मी पर्स उलटीपालटी केली. एक दशमी निघाली, तीही कडेला मोडलेली, आणि डब्याच्या तळाला चिकटलेली चटणी. यांनी बाकावर रुमाल पसरला, दशमीचे दोन तुकडे केले, मोठा माझ्यापुढं ठेवला. मग उठले, बाकाच्या दोन बाजूंना दोन पाय टाकून घोड्यावर बसावं तसे बसले. समोरासमोर, म्हणून. या वयात, कडक गुडघ्यांनी. डोंगराच्या माथ्यावर अजून ऊन होतं.

मी पहिला घास तोंडात घातला. यांनी घास उचलला, आणि पुलावरून हिरवी टोपी येताना दिसली. म्हातारा कुत्र्याला घेऊन घरी निघाला होता.

यांचा हात अर्ध्यात थांबला. म्हातारा जवळ आला. आमच्यासमोर येऊन त्यानं चाल मंद केली, मग थांबलाच. आमच्याकडं बघून उभा. यांनी ओठ घट्ट मिटले. मान लाल झाली, गळ्यातली शीर वर आली, शिंक अडवावी तसं नाक थरथरायला लागलं. मी बघत होते. डोळेही वटारले नाहीत. यांनी मान खाली घातली आणि चटणीच्या डब्यात बघत राहिले.

म्हाताऱ्यानं थोडी वाट बघितली. मग टोपी उचलली आणि आपल्या बोबड्या उच्चारात म्हणाला, "होऊ द्या, होऊ द्या." आणि गेला. कुत्रा दोनदा मागं वळून बघत गेला.

हे म्हातारा दिसेनासा होईपर्यंत त्याच्या पाठीकडं बघत राहिले.

"बोलावलं न्हाई मी," शेवटी म्हणाले.

"बघितलं मी."

"ओळखीचा माणूस होता गं."

"होता."

"आपल्याकडच्या कुणी बघितलं असतं, तर काय म्हणलं असतं?"

"काय म्हणलं असतं?"

यांनी डबा माझ्याकडं सरकवला. "चटणी घे," म्हणाले.